वस्ती, वारसा आणि ओटा : ऋद्धिपुराच्या स्थानवाङ्मयाचा एक विचार

१

जुन्या गावाचा किंवा शहराच्या जुन्या भागाचा विचार आपल्याकडे आजवर प्रामुख्याने दोन दृष्टींनी झालेला आहे. इतिहाससंशोधकाने तेथे तट, दरवाजे, देवळे आणि शिलालेख पाहिले. ललित लेखकाने पडके वाडे, तुळशीवृंदावने आणि सरून गेलेले दिवस पाहिले. दोघांच्याही लेखनाचे मोल निर्विवाद आहे. तथापि दोघांच्याही लेखनात एक व्यक्ती बहुधा आढळत नाही. ती म्हणजे त्या जुन्या भागात आज राहणारा, सकाळी तेथे पाणी भरणारा आणि संध्याकाळी दारापुढे बसणारा मनुष्य.

अलीकडच्या काळात या दोन दृष्टींच्या जोडीला तिसरी एक दृष्टी आलेली आहे. ती योजनाकारांची होय. जुन्या पेठांचे ‘पुनरुज्जीवन’, ‘सुशोभीकरण’, ‘वारसा-संवर्धन’ हे शब्द आता नगरपालिकांच्या ठरावांत आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत रूढ झाले आहेत. या तिसऱ्या दृष्टीने निदान जुन्या वस्तीची दखल घेतली, पडझडीकडे पाहून केवळ उसासा टाकला नाही, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु या नव्या परिभाषेत राहणाऱ्या माणसाला कोणते स्थान आहे, हा प्रश्न विचारणे भाषाभ्यासकाचे कर्तव्य ठरते. कारण एखाद्या योजनेत कोण वगळला गेला आहे, हे तिच्या शब्दांवरून पुष्कळदा तिच्या नकाशाच्याही आधी कळते.

या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात एका जुन्या मराठी वाङ्मयाच्या आधारे करावयाचा आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर, म्हणजेच महानुभावांचे ऋद्धिपूर अथवा परमेश्वरपूर, हे त्या वाङ्मयाचे केंद्र आहे. गोविंदप्रभूंचे चरित्र आणि ‘स्थानपोथी’ हे दोन ग्रंथ आजवर पंथेतिहास, भाषेतिहास आणि गद्यशैली या अंगांनी अभ्यासिले गेले. त्यांच्याकडे वस्तीचे वाङ्मय म्हणून पाहिले असता जुन्या गावात राहण्याविषयीचा एक विचार हाती लागतो, आणि तो आजच्या पुनरुज्जीवनाच्या चर्चेलाही उपकारक आहे, असे मला वाटते. त्या विचाराचा पुढे कसा संकोच झाला हेही याच वाङ्मयात दिसते. म्हणून प्रस्तुत विवेचन गौरवपर नाही. ते परीक्षणपर आहे.

२

प्रथम काही शब्दांचा विचार करू. ‘वस्’ या संस्कृत धातूपासून आलेले वसणे, वसती, वस्ती, वास, निवास आणि वास्तू हे शब्द मराठीत आज नांदत आहेत. यांपैकी ‘वास्तू’ हा शब्द सध्या इमारतीचा वाचक झाला आहे. ‘ऐतिहासिक वास्तू’ असे म्हणताना तीत कोणी वसत आहे किंवा नाही, हे आपल्या मनात येत नाही. मूळ धातूत वसण्याची क्रिया होती. नामात ती मावळली आणि दगडमाती तेवढी उरली. उलट ‘वस्ती’ या शब्दात ती क्रिया अद्याप जिवंत आहे. ‘तिथे वस्ती आहे’ या वाक्याचा अर्थ तेथे घरे आहेत एवढाच होत नाही. तेथे माणसे आहेत असा होतो. माणसे गेली की घरे उभी असूनही ‘वस्ती उठली’ असे आपण म्हणतो.

‘राहणे’ या क्रियापदाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. मराठीत ‘राहणे’ म्हणजे निवास करणे, ‘राहणे’ म्हणजे शिल्लक उरणे आणि ‘राहणे’ म्हणजे थांबणेही. ‘करीत राहणे’ अशा रचनेत तेच क्रियापद सातत्याचे वाचक होते, तर ‘करावयाचे राहिले’ येथे ते उणिवेचे वाचक होते. निवास, अवशेष आणि सातत्य हे तीन अर्थ एकाच क्रियापदाने वाहावेत, ही भाषेतील एक साधी घटना आहे. तिच्यातून तत्त्वज्ञान उभारण्याचे कारण नाही. परंतु जुन्या वस्तीच्या बाबतीत हे तीनही अर्थ एकमेकांवर अवलंबून असतात, हा अनुभव मात्र खरा आहे. धाब्याच्या घरावरची माती दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चोपून बसवावी लागते. कवेलूचे छप्पर दरवर्षी फेरावे लागते. माणूस राहतो म्हणून घर राहते. कुलूप लागलेले मातीचे घर फार पावसाळे पाहत नाही.

आता ‘वारसा’ हा शब्द घेऊ. अरबी मुळाचा हा शब्द मराठीत दरबारी व न्यायविषयक व्यवहारांतून आला. त्याचा मूळ अर्थ कायद्याचा आहे: मृताच्या मालमत्तेवरील अधिकार. म्हणून वारसा म्हटला की वारस आलाच. ज्या मालमत्तेला वारस नाही ती आपल्या भाषेत ‘बेवारस’ ठरते. आज जुन्या शहराला ‘वारसा’ म्हणताना या शब्दाचा अर्थविस्तार झाला आहे. वारस कोण याचे उत्तर ‘समाज’, ‘राष्ट्र’ किंवा ‘मानवजात’ असे दिले जाते. या विस्तारात चूक काही नाही. पण विस्तार होताना जवळचा वारस, म्हणजे त्या घराचा रहिवासी, कूळ किंवा भाडेकरू, शब्दाच्या कक्षेबाहेर ढकलला जाण्याचा संभव असतो.

याच संदर्भात ‘गावठाण’ हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. महसुली भाषेत गावाच्या मूळ वस्तीच्या जागेला गावठाण म्हणतात. ‘ग्रामस्थान’ या सामासिक शब्दाचे हे तद्भव रूप होय. म्हणजे ‘स्थान’ या एकाच शब्दाची दोन रूपे मराठीत वावरतात: एक तद्भव ‘ठाण’, ज्यावर लोक राहतात, आणि एक तत्सम ‘स्थान’, ज्याला लोक नमस्कार करतात. ऋद्धिपुराच्या वाङ्मयात या दोन रूपांची गाठ पडते.

३

ऋद्धिपुराची हकीकत अभ्यासकांस परिचित आहे. येथे तिची केवळ उजळणी पुरे. तेराव्या शतकात गोविंदप्रभू उर्फ गुंडम राऊळ येथे वास्तव्य करून होते. आईबाप लहानपणीच वारल्याने ते नातलगांबरोबर येथे आले आणि येथेच राहिले. चक्रधरांनी त्यांना गुरुस्थानी मानले. चक्रधरांनी उत्तरेकडे प्रयाण केल्यावर नागदेवाचार्यांसह त्यांचे अनेक शिष्य ऋद्धिपुरास येऊन गोविंदप्रभूंच्या सन्निध राहिले. म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते येथील वाजेश्वरीत, अशी परंपरा आहे. महदंबेचे ‘धवळे’ गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या खेळाच्या निमित्ताने येथेच रचले गेले. मराठी गद्याचा आणि स्त्रीच्या मराठी कवितेचा आरंभ एकाच लहानशा गावात व्हावा, ही वऱ्हाडला भूषणावह गोष्ट आहे.

गोविंदप्रभूंचे चरित्र कै. वि. भि. कोलते यांनी १९४४ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. त्याचे कर्तृत्व म्हाइंभटाकडे दिले जाते. १९८४ मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाल्यावर हा ग्रंथ महाराष्ट्राबाहेरही वाचला जाऊ लागला. या चरित्राविषयी जे लिहिले गेले त्यात नायकाच्या ‘वेडा’ची, म्हणजे लोकविलक्षण वर्तनाची, चर्चा सर्वाधिक आहे. ती होणे स्वाभाविक आहे. परंतु या वर्तनाचे क्षेत्र कोणते, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गोविंदप्रभू रानात किंवा गुहेत विलक्षण वागत नाहीत. ते गावात, लोकांच्या घरांत, चुलीपर्यंत जाऊन विलक्षण वागतात. ते कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरतात, भांड्यातला पदार्थ उचलून खातात, गल्लीत खेळतात, स्वतःशीच बोलतात, कोणावर रागावतात, कोणाला हसवतात. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या वस्तीतही त्यांचा संचार आहे. गावातील वस्त्यांमधील भिंती त्यांना दिसतच नाहीत असे म्हणावे लागते.

याचा परिणाम असा झाला आहे की चरित्रकाराला नायकाच्या मागोमाग घरोघर जावे लागले. पुराणकथाकार नगराचे वर्णन करतो तेव्हा तो गोपुरे, प्राकार आणि सरोवरे यांची यादी देतो. त्यात कोणी राहते की नाही याची वाचकाला शंका यावी. या चरित्रात उंबरवट आहे, पटिसाळ आहे, बिढार आहे, विहीर आहे. हे शब्द वर्णनासाठी आलेले नाहीत. तेथे काहीतरी घडले म्हणून ते आले आहेत. ‘पटिसाळ’ आज ‘पडसाळ’ या रूपाने उरली आहे. ‘बिढार’ म्हणजे उतरण्याची जागा. त्याचे ‘बिऱ्हाड’ झाले आणि अर्थ जागेकडून कुटुंबाकडे सरकला. ज्या शब्दाने पूर्वी जागा सांगितली जाई, त्याच शब्दाने आज आपण त्या जागेतील माणसे, भांडीकुंडी आणि संसार सांगतो. तुळपुळे व फेल्डहाउस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश हाताशी घेऊन अशा गृहवाचक शब्दांचा मागोवा घेतला, तर जागेचे संसारात झालेले रूपांतर दाखविणारी आणखीही उदाहरणे मिळण्यासारखी आहेत.

येथे ‘राऊळ’ या उपाधीचाही विचार केला पाहिजे. ‘राजकुल’ या शब्दाचे हे तद्भव रूप असून ते प्रथम राजगृहाचे, मग देवालयाचे वाचक झाले. ‘देवकुल’ यापासून ‘देऊळ’ झाले त्याच रीतीने. ‘कुल’ या शब्दात घर आणि घराणे हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे ज्या पुरुषाला गावाने ‘राऊळ’ म्हटले, त्याचे नावच मुळात एका घराचे नाव आहे. स्वतःचा संसार नसलेला हा पुरुष गावातील प्रत्येक घराला आपले मानतो, आणि गाव त्याला आईबापांच्या ठायी मानते. चरित्रातील ऋद्धिपूर पवित्र आहे ते यामुळे. तेथील देवळांचे शिल्प असामान्य आहे, असा दावा चरित्रकाराने कोठेही केलेला नाही.

४

‘स्थानपोथी’कडे वळताना ग्रंथाचा प्रकार बदलतो हे ध्यानात ठेवले पाहिजे. चरित्र प्रसंग सांगते; पोथी जागा सांगते. चौदाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या आणि मुनिव्यासांच्या नावावर असलेल्या या पोथीचे संपादनही कोलत्यांनी केले आहे. ज्या ज्या ठिकाणी चक्रधरादिकांचे वास्तव्य झाले त्या ठिकाणांची नोंद तीत आहे. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, ते गावाच्या कोणत्या बाजूस आहे, त्याच्या कोणत्या कोपऱ्यात कोणती जागा आहे, हे सर्व ती अत्यंत काटेकोरपणे सांगते. पुराव्याची ही शिस्त पाहून आधुनिक वाचक चकित होतो. फेल्डहाउस यांनी आपल्या २००३ सालच्या ग्रंथात स्थळांच्या परस्परसंबंधांतून प्रदेशाची कल्पना कशी आकारास येते याचे विवेचन करताना महानुभावांच्या भूगोलाची दखल घेतली आहे. त्यांची नजर स्थळाकडून प्रदेशाकडे जाते. आपल्याला येथे उलट दिशेने, स्थळाकडून घराच्या कोपऱ्याकडे जावयाचे आहे.

पोथीचे खरे वैशिष्ट्य तिच्या वर्गीकरणात आहे. जागा जुनी किती, बांधली कोणी, दगड कोणता, हे तिचे निकष नाहीत. तेथे कोणती क्रिया झाली हा तिचा निकष आहे. जेथे काही काळ वास्तव्य झाले ते ‘अवस्थान’. जेथे रात्र काढली ती ‘वसति’. जेथे बसणे झाले ते ‘आसन’. त्याचप्रमाणे भोजनाची, निजण्याची, खेळण्याची जागा. इतकेच काय, देहधर्माच्या जागेलाही ‘परिश्रय’ ही संज्ञा देऊन ती नोंदली आहे. मनुष्य एखाद्या जागी दिवसभरात जे जे करतो ते सारे या सूचीत आले आहे. जगण्याच्या क्रियापदांवरून केलेली ही भूमीची विभागणी आहे.

याची तुलना आजच्या वारसा-सूचीशी करून पाहावी. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने प्राचीन स्मारक ठरण्यासाठी किमान शंभर वर्षांचे वय आवश्यक मानले. १९९५ मध्ये मुंबईत वारसा-नियमावली आली, तीत वास्तूंची पहिली, दुसरी आणि तिसरी अशी श्रेणी लावण्यात आली; पुढे इतर शहरांनीही हीच पद्धती स्वीकारली. या सूचींत कालखंड, शैली, शिल्पकार आणि ऐतिहासिक घटना यांना महत्त्व असते. या व्यवस्थेने अनेक इमारती पाडल्या जाण्यापासून वाचविल्या, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. तथापि तिच्या रकान्यांत नामे आणि विशेषणे आहेत, क्रियापद नाही. एखाद्या दगडी पायरीवर गेली दीडशे वर्षे दररोज सायंकाळी बायका बसत आल्या, ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहावी याचे उत्तर या सूचीपाशी नाही. चौदाव्या शतकातील पोथीपाशी ते होते. तिने त्या पायरीला ‘आसन’ म्हटले असते.

५

येथपर्यंत पोथीचा पक्ष मांडला. आता तिच्या मर्यादेचा विचार केला पाहिजे, आणि त्यासाठी ‘ओटा’ या शब्दाकडे यावे लागते.

वऱ्हाडात ओटा म्हणजे घरापुढील बांधीव बैठक. मोर्शी भागातील कोणत्याही जुन्या गावठाणात गेल्यास रस्ता, मग ओटा, मग सपरी, मग आतील घर असा क्रम सहज आढळतो. ओटा घराचा असतो, पण त्यावर बसण्यास परवानगी लागत नाही. वाटसरू टेकतो, म्हातारी तांदूळ निवडते, मुले अभ्यास करतात, गावातील बातमी येथूनच पुढे जाते. खाजगी आणि सार्वजनिक यांच्या मधली ही जागा आहे, आणि दाट वस्तीतील जगणे सुसह्य होते ते तिच्यामुळे. गुजरातीत हाच शब्द ‘ओटलो’ या रूपाने आहे आणि अहमदाबादच्या पोळांतील सामाजिक जीवनात त्याला हेच स्थान आहे.

महानुभावांच्या परिभाषेत मात्र ओटा म्हणजे पवित्र स्थान दाखविणारा चौथरा. जेथे श्रीचरणांचा संबंध झाला तेथे ओटा बांधला जातो, त्याला वस्त्र व फुले वाहिली जातात आणि नमस्कार केला जातो. दोन्ही अर्थांच्या मुळाशी एकच वस्तू आहे: जमिनीपासून थोडी उंच केलेली जागा. पण पहिला ओटा बसण्यासाठी आहे आणि दुसऱ्यावर बसता येत नाही. अर्थशास्त्र या शब्दाचा भाषाविज्ञानातील अर्थ घेतला तर हा अर्थसंकोचाचा एक स्वच्छ नमुना म्हणता येईल. गोविंदप्रभू ज्या जागेवर बसले, ती जागा त्यांच्या बसण्यामुळे पवित्र झाली, आणि पवित्र झाल्यामुळे इतरांच्या बसण्यास बंद झाली. क्रियेची नोंद ठेवण्यासाठी जी खूण उभारली, तिनेच ती क्रिया थांबविली.

पंथाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. भक्ताला तेथे राहावयाचे नसते. त्याला तेथे स्मरण करावयाचे असते. या भावनेचा मान राखलाच पाहिजे. परंतु वाङ्मयाचा विचार करताना चरित्र आणि पोथी यांतील अंतर नोंदविणे भाग आहे. चरित्रातील घरांना मालक आहेत, गृहिणी आहेत, त्यांना राग येतो, त्या तक्रार करतात, हसतात, वाढतात. पोथीत घर उरते, गृहिणी जाते. नायकाची क्रिया तेवढी नोंदली जाते आणि ज्यांच्या घरात ती झाली त्यांच्या क्रिया गळून पडतात. थोडक्यात, जिवंत वस्तीचे स्मृतिस्थळांत रूपांतर होण्याची प्रक्रिया आधुनिक योजनाकाराने सुरू केलेली नाही. ती आपल्या वाङ्मयात सहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वी, आणि अत्यंत श्रद्धेने, सुरू झालेली आहे. म्हणूनच पोथी आपल्याला अनुकरणासाठीही उपयोगी आहे आणि सावधगिरीसाठीही.

६

हा संकोच केवळ ग्रंथगत नाही, हे आजच्या काही उदाहरणांवरून पडताळता येईल. पहिले उदाहरण गोव्याचे घेऊ. कारण लहान शहरातील जुन्या मध्यवस्तीचे पुनरुज्जीवन यशस्वी झाल्याचा दाखला म्हणून त्याचाच नेहमी निर्देश होतो. पणजीतील फोंतेन्हास ही वस्ती तिच्या रंगीत भिंती, सज्जे आणि अरुंद गल्ल्या यांसाठी प्रसिद्ध आहे. घरांची डागडुजी झाली, काहींत अतिथिगृहे व कलादालने आली, आणि जी वस्ती मोडकळीस येऊ शकली असती ती उभी राहिली. हे यश खरे आहे. पण अलीकडच्या वर्षांत तेथील रहिवाशांनाच आपल्या दारांवर छायाचित्रे न काढण्याविषयी सूचना लावाव्या लागल्या. पाहुणा पायरीवर बसतो तो विसाव्यासाठी बसत नाही. तो छायाचित्रासाठी बसतो. तेथील ओटा पुन्हा एकदा ‘स्थान’ झाला आहे. फरक इतकाच की या वेळी नमस्काराची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. पर्यटकांच्या भाषेत या वस्तीला ‘लॅटिन वस्ती’ म्हणतात. वस्तीचे बाहेरून दिलेले नाव तेथील घरनावांपेक्षा अधिक चलनात येणे, हेही या प्रक्रियेचे एक भाषिक लक्षण मानावे लागेल.

अहमदाबादचे जुने शहर २०१७ मध्ये जागतिक वारसा-स्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. त्या गौरवाच्या आधीपासूनच पोळांतील अनेक कुटुंबे नदीपलीकडील नव्या भागांत राहावयास गेली होती. ओटलो राहिले, बसणारे उठले. यादीत नाव आल्याने ते परत येतील, असे गृहीत धरता येत नाही.

आपल्या जवळच्या अमरावतीचे उदाहरण निराळे आहे आणि म्हणून उद्बोधक आहे. पेंढाऱ्यांपासून सधन व्यापारी वस्तीचे संरक्षण व्हावे म्हणून १८०७ मध्ये निजामाच्या राजवटीत या शहराभोवती तट बांधण्यास आरंभ झाला. अमरावतीकर या तटाला ‘परकोट’ म्हणतात. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, जवाहर गेट ही नावे आजही पत्त्यांत, बसच्या थांब्यांत आणि बोलण्यात आहेत. तटातील लहान दरवाजाला येथे ‘खिडकी’ म्हणतात; ‘खिडकीतून जाऊन ये’ हे वाक्य बाहेरगावच्या माणसाला चमत्कारिक वाटावे, पण अमरावतीकराला त्यात विनोद दिसत नाही. एका खिडकीचे ‘खुनारी’ हे नाव १८१८ मधील रक्तपाताची स्मृती वाहत आहे, असे गॅझेटियर सांगते. परकोटाची डागडुजी समाधानकारक आहे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच्या आत माणसे राहतात, सराफा चालतो, बुधवाऱ्यात सणवार होतात. वास्तू जीर्ण झाली, तरी तिची शब्दसंपत्ती बोलीत नांदती आहे. फोंतेन्हासमध्ये वास्तू सुधारली आणि राहणे अवघड झाले. परकोटात राहणे टिकले आणि वास्तू खचत गेली. या दोन टोकांच्या मध्ये काही मार्ग आहे काय, हा आजचा खरा प्रश्न आहे.

७

हा प्रश्न आता रिद्धपुराच्या दाराशी आला आहे. राज्याच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याची घोषणा झाली आणि २०२४ पासून ते अस्तित्वात आले. त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या गावाने मराठी गद्याला जन्म दिला त्या गावी मराठीचे विद्यापीठ यावे, यात औचित्य आहे. विद्यापीठाबरोबर रस्ते येतील, निवासाची मागणी येईल, जमिनीचे भाव बदलतील, आणि जुन्या गावठाणाकडे कोणाचे तरी नियोजनाचे लक्ष जाईल. त्या वेळी त्या लक्षाला कोणत्या शब्दांनी दिशा द्यावयाची, हे ठरविण्याची संधी भाषेच्या अभ्यासकांना क्वचितच मिळते. ती येथे मिळत आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. जुन्या घरांत राहणे म्हणजे गळके छप्पर, अंधाऱ्या खोल्या आणि अपुरे पाणी. ज्यांना तेथे राहावे लागत नाही त्यांनीच त्याचे गोडवे गावेत, असे कोणी म्हणेल. आक्षेप योग्य आहे. वाड्यांविषयीचे आपले बरेचसे ललित लेखन वाडा सोडून गेलेल्यांनी लिहिले, हे विसरता येत नाही. शिवाय जुन्या गावाची रचना निरपवाद नव्हती. कोणाचे घर वेशीच्या आत आणि कोणाचे बाहेर, कोणी कोणत्या विहिरीवर पाणी भरावे, हे जातीने ठरविलेले होते. गोविंदप्रभूंच्या संचाराचे महत्त्व आहे ते या पार्श्वभूमीवर. म्हणून जुने जसेच्या तसे राखावे असे कोणी सुचविल्यास त्याला आधी विचारले पाहिजे की, जुन्यातील काय? सिमेंटचे घर बांधू इच्छिणारा गावठाणातील रहिवासी वारशाचा शत्रू नव्हे. तो वारस आहे, आणि त्याला तेथेच राहावयाचे आहे, ही त्याच्या इच्छेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

तेव्हा राखावयाचे ते क्रियापद होय. स्थानपोथीची पद्धत घ्यावी आणि तिच्यात पोथीने गाळलेली माणसे परत आणावीत. रिद्धपूर असो, मोर्शीचे जुने गावठाण असो किंवा परकोटाच्या आतील अमरावती असो, कोणत्याही योजनेपूर्वी तेथील क्रियांची सूची तयार व्हावी: संध्याकाळी बसण्याचे ओटे कोणते, गुजरी कोठे भरते, गुरे कोणत्या आखरावर जमतात, पोळ्याचे तोरण कोठे बांधतात, होळी कोठे पेटते, तिरडी कोणत्या विसाव्यावर टेकवितात, वाळवणे कोणत्या अंगणात पडतात. ही सूची करण्यासाठी वास्तुशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. बोली जाणणारा आणि ऐकून घेण्याचा धीर असलेला पदव्युत्तर विद्यार्थी पुरे. १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीच्या खंडात वऱ्हाडीची नोंद झाली ती व्याकरणाच्या अंगाने. गृहवाचक आणि स्थलवाचक शब्दांचे काम अद्याप पुष्कळ व्हावयाचे आहे, आणि ज्या पिढीच्या तोंडी हे शब्द आहेत ती पिढी वृद्ध झाली आहे.

अशी सूची हाती असली म्हणजे योजनेची कसोटीही सोपी होते. डागडुजीनंतर त्या ओट्यावर बसणारे कोणी उरले की नाही, आणि ते पूर्वीचेच आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी पुरे. उरले असतील तर पुनरुज्जीवन झाले. उरले नसतील तर जे झाले त्याला सुशोभीकरण म्हणावे. दोन्ही शब्द मराठीत उपलब्ध आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत, इतकी दक्षता भाषेच्या विभागाने घ्यावी.

नागदेवाचार्यांनी केशिराजांना संस्कृतात लिहू नये असे सांगितले, त्यामागे पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील ही चिंता होती, असे परंपरा सांगते. ऋद्धिपुराने मराठीला जे दिले त्यात ही चिंता सर्वांत मोलाची आहे. तेथील जुन्या वस्तीचा विचार करतानाही तिच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला तो समजेल आणि मानवेल, हीच मर्यादा आपण स्वतःवर घालून घ्यावी.